शून्य चाचण्या, शून्य चुका



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, सहकारावर विद्वान माणसांची भाषणे आपण ऐकलेली आहेत. आज आपल्यापुढे उभा असलेला माणूस विद्वान नाही. नववीनंतर शाळा सुटली ती सुटली. पुढचे शिक्षण मार्केट यार्डात, डाळमिलच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, आणि गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीतल्या एका जुन्या संगणकापुढे झाले. तेव्हा भाषेत कोठे कमीअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. विषयात कमीअधिक झाले तर मात्र सांभाळून घेऊ नये. भाषण संपल्यावर उभे राहून विचारावे.

विषय असा आहे. संगणकाचा प्रोग्राम, म्हणजे आज्ञावली, लिहिण्यासाठी जे साधन वापरतात त्याला कोड एडिटर म्हणतात. आमच्या कचेरीत जो आहे त्याचे नाव व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो २०१५ साली बाहेर आणला आणि तो फुकट मिळतो, म्हणून युनियनला परवडतो. मूळ एडिटर साधा असतो. त्याला हवी तशी एक्स्टेन्शने जोडून घ्यायची, जसे ट्रॅक्टरला नांगर, रोटावेटर, पेरणीयंत्र जोडतात. त्यांतले एक एक्स्टेन्शन असे असते की, लिहिलेल्या प्रोग्रामच्या चाचण्या ते बटन दाबताच घडवून आणते आणि निकाल दाखवते. बरोबर आले तर हिरवी खूण, चुकले तर लाल. हे एक्स्टेन्शन चाचण्या घेईनासे झाले तर बिघाड कोठे शोधायचा, आणि तो शोधला नाही तर काय होते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्यापैकी काहींच्या मनात येईल की, हे पुण्या-बंगलोरच्या लोकांचे काम. वऱ्हाडातल्या माणसाला याच्याशी काय करायचे? परम हा महासंगणक १९९१ साली पुण्यात ज्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, आणि तेव्हा आपण सर्वच अकोला जिल्ह्यात होतो. पण ते राहू द्या, कारण मोठ्या माणसाचे नाव सांगून आपले काम मोठे होत नाही. २०१७ ची कर्जमाफी आठवा. शेतकऱ्याने अर्ज भरला तो संगणकावर; त्याचे नाव यादीत आले की गळले हे ठरवले ते संगणकाने; आणि बँकेची माहिती व अर्जाची माहिती जुळेना म्हणून पैसे लांबले तेव्हा तो कोणाला जाऊन विचारणार होता? आपला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रेशन, पीकविमा, सगळे आज कोणीतरी कोठेतरी लिहिलेल्या प्रोग्राममधून गाळून आपल्यापर्यंत येते. त्या चाळणीला भोक पडले आहे की नाही हे पाहण्याचे जे साधन, तेच बंद पडले तर, असा हा प्रश्न आहे.

घडले ते सांगतो. २०२४ साली आमच्याकडे एका डाळमिलमधला कामगार आला. मिलचे नाव घेत नाही, कामगाराचेही नाही. नोकरी अकरा वर्षे, सहा महिने आणि तीन दिवसांची. काम बारमाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हंगामी कारखान्यात ग्रॅच्युइटीचा हिशेब वेगळा, हंगामाला सात दिवसांच्या पगाराचा असतो, आणि जिनिंगमधली पुष्कळ माणसे तेथेच घोटाळ्यात पडतात. याचा शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता मिळून, १८,२०० रुपये. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिन्याचे दिवस धरायचे सव्वीस, कारण चार सुट्या वजा जातात. १८,२०० ला सव्वीसने भागले की रोज ७०० रुपये. पंधरा दिवसांचे १०,५००. मिलच्या हिशेबनीसाने अकरा वर्षे धरून १,१५,५०० रुपयांचा कागद त्याच्या हाती दिला होता.

तो कागद घेऊन तो कचेरीत आला. आमच्या एका हमालाची मुलगी महाविद्यालयात शिकते. तिने पायथन या भाषेत ग्रॅच्युइटीच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम नुकताच लिहिला होता. कायद्याची कलमे मी सांगायची आणि ती तिने लिहून घ्यायची, असे आमचे दोन महिने चालले होते. तिने तारखा भरल्या, पगार भरला, कळ दाबली. उत्तर आले १,१५,५००. मिलचा आकडा आणि आमचा आकडा तंतोतंत जुळला.

त्या कामगाराने बोटांवर मोजले आणि म्हणाला, "पण भाऊ, सहा महिन्याच्या वर काम झालं की वर्ष पुरं धरतात ना?" कचेरीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने त्याला समजावले की, मालकाचा संगणक आणि आपला संगणक एकच आकडा सांगतात, आणि शिवाय आपल्या प्रोग्रामच्या चौतीस चाचण्या केलेल्या आहेत, एकही लाल नाही. तो गप्प बसला. पण ती मुलगी गप्प बसली नाही. ती म्हणाली, "काका, लाल नाही हे खरं. पण हिरवंसुद्धा काही नाही."

खरोखरच नव्हते. एडिटरच्या डाव्या अंगाला प्रयोगशाळेतल्या चंबूचे एक चित्र असते. ते दाबले की चाचण्यांची यादी उघडावी. यादीची जागा कोरी होती.

आता चाचणी म्हणजे काय हे जरा स्पष्ट करतो, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर आपण आधी हाताने काढून ठेवले आहे, तो प्रश्न प्रोग्रामला घालायचा आणि त्याचे उत्तर आपल्या उत्तराशी ताडून पाहायचे, ही चाचणी. पगार १८,२००, वर्षे बारा, तर उत्तर १,२६,००० आले पाहिजे. मार्केट यार्डात वजनमापे खात्याचा माणूस प्रमाणित वजन घेऊन येतो आणि काट्यावर ठेवून पाहतो, तसेच हे. काटा खरा की खोटा हे काट्याला विचारून कळत नाही. त्यासाठी बाहेरचे वजन लागते. आणि तो माणूस आलाच नाही, तर त्या दिवशी काट्यात एकही दोष सापडणार नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट. चाचणी घेते कोण? पुष्कळांना वाटते की ते एक्स्टेन्शन घेते. ते घेत नाही. ते मुकादम आहे. मालक वरून सांगतो, मुकादम खाली ओरडतो, काम करणारे हात वेगळेच असतात. एडिटर एक्स्टेन्शनला सांगतो. एक्स्टेन्शन संगणकात बसवलेल्या पायथनला हाक मारते. पायथन पायटेस्ट नावाच्या हत्याराला उठवते. पायटेस्ट फोल्डरमध्ये फिरून चाचण्यांच्या फाईली गोळा करते. त्या फाईली मूळ प्रोग्रामला बोलावतात. पाच-सहा कड्यांची साखळी आहे. कोणतीही एक कडी निखळली तरी वर मालकाला दिसते ते एकच, कोरी जागा. म्हणून कोऱ्या जागेकडे पाहून बिघाड कळत नाही, आणि मुकादमाला शिव्या देऊनही कळत नाही.

येथे शेतकरी मंडळी बसलेली आहेत. विहिरीवरची मोटार चालू होत नाही तेव्हा पहिल्याच झटक्याला मोटार विहिरीतून वर काढणारा माणूस आपण शहाणा म्हणत नाही. आधी डीपीवर लाईन आहे का पाहायचे, मग स्टार्टर, मग केबल, आणि सर्वांत शेवटी मोटार. त्यातही जाणता लायनमन टोकापासून सुरुवात करत नाही. तो मध्ये टेस्ट लॅम्प लावतो. स्टार्टरपर्यंत वीज आली असेल तर वरचा सगळा भाग एका फटक्यात निर्दोष सुटला. संगणकात हीच रीत आहे. मात्र संगणकापुढे बसलेला माणूस ती विसरतो, आणि एक्स्टेन्शन काढ, पुन्हा बसव, एडिटर काढ, पुन्हा बसव, असे करत दिवस घालवतो. मोटार वर काढण्याचाच तो प्रकार.

मध्ये टेस्ट लॅम्प लावायची जागा म्हणजे टर्मिनल, जेथे हुकूम टाइप करून द्यायचा असतो. मुकादमाला बाजूला करून थेट कामगारालाच विचारायचे. पायथनला सांगायचे की पायटेस्ट चालव. तेथे चाचण्या चालल्या, तर दोष मुकादमात किंवा त्याला दिलेल्या सूचनांत. तेथेही चालल्या नाहीत, तर मुकादम निर्दोष, दोष खाली.

त्या मुलीने तसे केले. उत्तर आले की पायटेस्ट नावाची वस्तूच येथे नाही. पण तिने ती स्वतः बसवली होती! याचे कारण नव्या माणसाला फार चकवते. एका संगणकावर पायथन एकच असतो असे नाही. प्रत्येक कामासाठी त्याची वेगळी हत्यारपेटी करण्याची चांगली पद्धत आहे, म्हणजे एका कामाचे पाने दुसऱ्या कामात मिसळत नाहीत. तिने पायटेस्ट ठेवले होते त्या पेटीत. आणि एडिटर काम करत होता संगणकाच्या मूळ पायथनवर, म्हणजे दुसऱ्याच पेटीतून. एडिटरमध्ये पायथनची फाईल उघडी असली की खाली उजव्या कोपऱ्यात कोणता पायथन निवडला आहे ते लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारून योग्य पेटी निवडायची. तिने निवडली, नवे टर्मिनल उघडले, पुन्हा हुकूम दिला.

या वेळी दुसरेच वाक्य आले. पायटेस्ट उठले, फोल्डर फिरून आले, आणि म्हणाले की शून्य चाचण्या गोळा झाल्या, एकही चालली नाही. तो तरुण कार्यकर्ता निराश झाला. मी त्याला म्हटले, अरे, काल फाटक उघडत नव्हते, आज फाटक उघडून साहेब नाही म्हणतात. म्हणजे आपण आत आलो. चूक बदलली की पाऊल पुढे पडले असे समजावे. तीच चूक पुन्हा आली तर मात्र आपण काही केलेच नाही.

शून्य का? फाईल तर डोळ्यांसमोर होती, तिच्यात चौतीस चाचण्या होत्या. कारण वाचून मला हसूही आले आणि थोडा रागही आला. पायटेस्ट फोल्डरमधली प्रत्येक फाईल उघडून पाहत नाही. तिच्या नावाच्या आरंभी 'टेस्ट' आणि खालची आडवी रेघ असे रोमन अक्षरांत असावे लागते, किंवा नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि 'टेस्ट'. आतल्या प्रत्येक चाचणीच्या नावाच्या आरंभीही 'टेस्ट' हवे. आमच्या मुलीने मराठी माणसाला शोभेल असे केले होते; फाईलचे नाव 'चाचणी' पासून सुरू, आणि आतल्या चौतीसही नावांच्या पुढे 'चाचणी'. पायटेस्ट दारावरून गेले आणि आत शिरलेच नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर ठरल्या पद्धतीने लिहिलेले नाही तो मजूर दिवसभर राबला तरी मुकादमाच्या लेखी गैरहजर, हा अनुभव आम्हाला नवा नव्हता.

यावर कचेरीत वाद झाला. काहींचे मत पडले की इंग्रजी नावे द्या आणि मोकळे व्हा. माझे मत वेगळे होते व आहे. ज्या हत्याराला सांगता येते त्याला सांगावे. फोल्डरमध्ये पायटेस्टसाठी एक छोटी सूचनांची फाईल ठेवता येते. तिच्यात दोन ओळी लिहिल्या की, 'चाचणी' पासून सुरू होणाऱ्या फाईली आणि 'चाचणी' पासून सुरू होणारी नावे हीही आपलीच माना, की ते मुकाट्याने ऐकते. मात्र एक सावधगिरी: 'टेस्ट' हा जुना शब्दही त्या ओळींत ठेवावा. नवा लिहिला की जुना नियम आपोआप राहतो असे नाही. तो पुसला जातो, आणि उद्या दुसऱ्या कोणी इंग्रजी नावाची फाईल आणून ठेवली तर ती गैरहजर पडते. मुलीने दोन्ही शब्द लिहिले.

आमच्या प्रकरणात निखळल्या त्या या दोन कड्या. इतरांच्या निखळतात त्याही झटपट सांगतो, कारण श्रोत्यांत काही विद्यार्थी दिसतात. एडिटरमध्ये कामाचे फोल्डर न उघडता त्याच्या वरचे मोठे फोल्डर उघडले, तर आतल्या फोल्डरमधल्या सूचना एडिटर वाचतच नाही. चाचण्या पायटेस्टने घ्यायच्या की पायथनबरोबर येणाऱ्या युनिटटेस्टने, हे एकदा ठरवून सांगावे लागते. दुसऱ्याच्या पेनड्राईव्हवरून आणलेले फोल्डर उघडताना एडिटर विचारतो की, लिहिणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे काय. नाही म्हटले तर तो बरीचशी एक्स्टेन्शने बाहेर उभी ठेवतो. ही सोय २०२१ पासूनची. ती बिघाड नव्हे, पहारा आहे. फाईलच्या पहिल्या दोन-चार ओळींत चूक असेल तर गोळा करतानाच पायटेस्ट थांबते, आणि बाकीच्या शहाण्या फाईलीही त्या दिवशी तपासल्या जात नाहीत. आणि एक एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या पायात पाय घालते आहे असा संशय असेल, तर एडिटरमध्येच निम्मी निम्मी बंद करून पाहण्याची युक्ती दिलेली आहे. बत्तीस एक्स्टेन्शने असली तरी पाच फेऱ्यांत गुन्हेगार एकटा उरतो. बत्तीसचे सोळा, आठ, चार, दोन, एक. पोलिसांना हे जमले तर किती बरे होईल.

या सर्वांआधी मात्र एक करावे, जे कोणी करत नाही. एडिटरच्या खालच्या बाजूला 'आउटपुट' नावाचा भाग असतो. त्यात एक्स्टेन्शनने कोणाला हाक मारली, काय उत्तर आले, हे सर्व ओळीने लिहिलेले असते. भाषा रुक्ष असते, इंग्रजी असते, पण खोटी नसते. कामगार न्यायालयातल्या निकालपत्राप्रमाणे ते शेवटून वर वाचावे.

असो. मुलीने पुन्हा हुकूम दिला. चौतीस गोळा झाल्या. तेहतीस हिरव्या, एक लाल.

लाल होती ती एकोणिसावी. तिच्यात लिहिलेले होते: नोकरी अकरा वर्षे, सहा महिने, तीन दिवस, वर्षे धरावी बारा. प्रोग्राम म्हणत होता अकरा. म्हणजे त्या कामगाराने बोटांवर मोजून जी शंका काढली, ती दोन महिन्यांपूर्वीच त्या मुलीने प्रश्न म्हणून लिहून ठेवली होती. प्रश्न लिहिलेला होता. कोणी विचारलाच नव्हता.

चूक मोठी गमतीची होती. कायदा म्हणतो, सहा महिन्यांहून अधिक भाग असेल तर तो पूर्ण वर्ष धरावा. प्रोग्राममध्येही 'सहाहून अधिक' असेच लिहिले होते. वाचणाऱ्याला खटकले नसते. पण त्याआधीच्या ओळीत नोकरीचे फक्त पूर्ण महिने मोजले होते. सहा महिने आणि तीन दिवसांचे पूर्ण महिने किती? सहा. मग पुढची ओळ विचारते, सहा हे सहाहून अधिक आहेत काय? नाहीत. तीन दिवस दोन ओळींच्या मधल्या फटीत पडले, आणि त्यांच्याबरोबर १०,५०० रुपये पडले. मिलच्या हिशेबातही तेच झाले असावे; निदान आकडा तरी तसाच होता. दोन हिशेब जुळले म्हणून खरे ठरत नाहीत. दोघांनी एकच खड्डा चुकवला नसेल तर दोघेही एकाच ठिकाणी आपटतात.

मुलीने महिने मोजणे सोडून दिले आणि तारखा मोजल्या: अकरा वर्षे पुरी झालेल्या तारखेत सहा महिने मिळवायचे, आणि शेवटचा दिवस त्याच्या पुढे जातो का पाहायचे. चौतीस हिरव्या झाल्या. अर्ज १,२६,००० चा गेला. मिलच्या हिशेबनीसाने कलम काढून पाहिले, आणि फरक दिला. भांडण झाले नाही, घोषणा झाल्या नाहीत. युनियनच्या इतिहासात असे विजय लिहिले जात नाहीत.

आता थोडे व्यापक बोलतो. पायटेस्ट हे हत्यार या बाबतीत प्रामाणिक आहे. शून्य चाचण्या झाल्या तर ते यश म्हणत नाही. काम संपवताना ते जो आकडा परत देते त्यात यशाला शून्य आणि 'काहीच गोळा झाले नाही' याला पाच, असा भेद ठेवलेला आहे. पण पायथनबरोबरच येणारे युनिटटेस्ट वर्षानुवर्षे काय म्हणत होते? 'शून्य चाचण्या चालल्या', आणि त्याखाली, 'ठीक'. शून्य चालल्या आणि ठीक! चौकशी समितीची एकही बैठक झाली नाही, सबब कोणीही दोषी आढळले नाही, असे अहवाल आपण पाहिले आहेत. त्याच घराण्यातले हे वाक्य. २०२३ च्या ऑक्टोबरात पायथनची ३.१२ ही आवृत्ती आली तेव्हा ते सुधारले, आणि युनिटटेस्टही अशा वेळी पाच हा आकडा देऊ लागले. ज्यांच्या संगणकात जुनी आवृत्ती आहे त्यांना अजूनही 'ठीक' ऐकू येते.

हे छोट्या कचेरीपुरते आहे असे समजू नका. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून युरोपचा एरियन-५ हा नवा अग्निबाण पहिल्यांदा उडाला आणि सदतीस सेकंदांच्या सुमारास वाट सोडून फुटला. चौकशी झाली. कारण असे निघाले की, दिशा सांगणाऱ्या यंत्रातला प्रोग्राम जुन्या एरियन-४ वरून उचललेला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठी संख्या लहान खोक्यात कोंबली जाई. त्या खोक्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. जुना अग्निबाण तेवढा वेग घेत नसे, म्हणून वर्षानुवर्षे काही झाले नाही. नवा वेगवान होता. शिवाय जोडीला दुसरे राखीव यंत्र होते. पण त्यातही तोच प्रोग्राम, म्हणून तेही त्याच कारणाने गेले. एकाच वकिलाने पढवलेले दोन साक्षीदार. मला लागले ते पुढचे: नव्या अग्निबाणाच्या उड्डाणाचे आकडे त्या यंत्राला घालून चाचणी घेतली असती तर दोष जमिनीवरच उघड झाला असता, असे चौकशी मंडळाने लिहिले. ती चाचणी घेतली गेली नव्हती. बाकी पुष्कळ घेतल्या होत्या, आणि त्या हिरव्या होत्या.

अग्निबाणात माणूस नव्हता. इंग्लंडात टपालखात्याच्या शाखा चालवणारी माणसे मात्र होती. होरायझन नावाच्या हिशेबाच्या संगणकाने त्यांच्या गल्ल्यात तूट दाखवली, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. कित्येकांनी खिशातून भरले, काही तुरुंगात गेले. संगणक चुकू शकतो हे न्यायालयाने २०१९ साली मान्य केले, आणि सरसकट निर्दोष ठरवणारा कायदा झाला तो २०२४ साली. त्या दुकानदारांनी पहिल्या दिवसापासून विचारलेला प्रश्न आमच्या डाळमिलच्या कामगाराचाच होता: माझी बोटे वेगळे सांगतात, तुमच्या यंत्राला कोणी तपासले? कामगार संघटनेने हा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे असे मी माझ्या मंडळींना सांगतो, आणि काही जुने सहकारी मला हसतात. त्यांच्या मते मोर्चा काढावा, हे बायकापोरांचे खेळ सोडावे. मी मोर्चेही काढतो. पण पगारपावती छापणाऱ्या यंत्रासमोर मोर्चा नेऊन पाहा, ते काय उत्तर देते!

आता आमच्यापुढे आजचे काम काय आहे तेवढे सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पंधरा दिवसांचा हिशेब तोच राहिला, पण 'पगार' कशाला म्हणावे ते बदलले. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग पगारात धरायचा. कोणाला २०,००० मिळतात, त्यांत मूळ आणि महागाई ८,००० आणि बाकी १२,००० असे भत्ते असतील, तर निम्म्यावरचे २,००० पगारात येतात आणि हिशेब १०,००० वर होतो. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या माणसाला पाच वर्षे थांबावे लागत नाही, वर्षानंतर हक्क मिळतो. म्हणजे आमच्या चौतीस चाचण्या जुन्या काळाच्या झाल्या. त्या हिरव्या दिसतील, पण एरियन-४ च्या.

त्या मुलीने कचेरीच्या भिंतीवर एक वही टांगली आहे. प्रोग्राम बदलला की तारीख लिहायची, आणि 'चुका नाहीत' असे न लिहिता किती गोळा झाल्या, किती चालल्या, किती हिरव्या, असे तीन आकडे लिहायचे. परवापर्यंत एकेचाळीस झाल्या होत्या. तिचे म्हणणे आहे की शंभर तरी पाहिजेत, आणि त्या संगणक जाणणाऱ्यांकडून मिळणार नाहीत. पगारपावत्या जाणणाऱ्यांकडून मिळतील. तेव्हा सभेतल्या ज्या मंडळींजवळ जुन्या-नव्या पावत्या असतील, विशेषतः ज्यांच्या पावतीवर भत्त्यांची लांबलचक शेपटी आहे, ज्यांची नोकरी मध्ये तुटली आहे, ज्यांची रुजू होण्याची तारीख दोन कागदांवर दोन लिहिली आहे, त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर कचेरीत यावे. नाव झाकून आकडे तेवढे उतरवून घेऊ. आणि उत्तर काय यायला हवे ते आधी स्वतः बोटांवर काढून आणावे.